सिम रेसिंगची स्क्रीन: आधी अंतर मोजा, लॅग कमी करा, मग दुकानात जा

नवं स्टिअरिंग व्हील घरी आलं, टेबलाखाली पेडल बसली, असेटो कोर्सा किंवा ग्रान टुरिझ्मोसारखा कार रेसिंगचा गेम सुरू झाला, की पुढचा प्रश्न हमखास येतो: आता स्क्रीन कोणती घेऊ? ३२ इंची, कर्व्ह्ड अल्ट्रावाइड, की एकदम तीन मॉनिटर? माझं मत स्पष्ट आहे. हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याआधी तीन कामं उरकायची: डोळ्यांपासून स्क्रीनचं अंतर, गेममधला एफओव्ही, म्हणजे समोरचं जग किती अंशांत दिसतं तो कोन, आणि इनपुट लॅग, म्हणजे स्टिअरिंग वळवल्यापासून ते स्क्रीनवर दिसेपर्यंतचा उशीर. ही तिन्ही कामं आहे त्याच स्क्रीनवर, बहुतेक वेळा एक रुपयाही खर्च न करता होतात. ती झाल्यावर अनेकांना नवी स्क्रीन लागतच नाही, आणि ज्यांना लागते त्यांना नेमकं काय हवंय ते कळलेलं असतं.

लॅगमुळे नेमकं काय बिघडतं

तुम्ही स्टिअरिंग वळवता. ती हालचाल यूएसबीतून कॉम्प्युटरकडे जाते, गेम गाडीची नवी जागा काढतो, ग्राफिक्स कार्ड चित्र तयार करतं, चित्र केबलमधून स्क्रीनकडे येतं, स्क्रीन त्याच्यावर आपले संस्कार करते आणि मग पिक्सेलचा रंग बदलतो. या सगळ्याला लागणारा वेळ म्हणजे एकूण इनपुट लॅग. तो मिलिसेकंदांत मोजतात, म्हणून ऐकायला किरकोळ वाटतो. पण ताशी २०० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण ५५ मीटर कापते. म्हणजे ५० मिलिसेकंदांत पावणेतीन मीटर, आणि १०० मिलिसेकंदांत साडेपाच मीटर. जीटी३ वर्गातल्या, म्हणजे रेसिंगसाठी तयार केलेल्या स्पोर्ट्स गाडीच्या लांबीपेक्षा हे जास्त आहे. गेममध्ये गाडी जिथे आहे आणि तुम्हाला जिथे दिसते आहे, त्यांत एका गाडीचं अंतर पडलेलं असतं.

यावर एक नेहमीचा आक्षेप असतो: माणसाला डोळ्यांनी बघून हात हलवायलाच २०० मिलिसेकंदांहून जास्त लागतात, मग आणखी ५० ने काय फरक पडतो? सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेक मारण्यापुरतं हे बरचसं खरं आहे. इटलीतल्या मॉन्झा ट्रॅकच्या पहिल्या शिकेनला, म्हणजे लागोपाठच्या उलटसुलट वळणांना, कुठल्या फलकापाशी ब्रेक दाबायचा हे तुम्हाला पाठ असतं. लॅग दर वेळी सारखाच असेल तर मेंदू तेवढं अंतर आपोआप धरून चालतो.

खरा घोळ गाडीची मागची बाजू सुटते तेव्हा होतो. तो क्षण सावकाश बघू. वळणातून बाहेर पडताना तुम्ही ॲक्सिलरेटर थोडा जास्त दाबता, मागचे टायर घसरतात. फोर्स फीडबॅकचा, म्हणजे टायरची ओढ स्टिअरिंगमधून हातांना जाणवून देणाऱ्या मोटरचा निरोप थेट यूएसबीतून व्हीलकडे येतो, त्याला स्क्रीनची वाट बघावी लागत नाही. त्यामुळे स्टिअरिंग तुमच्या हातात हलकं होतं, उलट्या दिशेला ओढू लागतं आणि हात त्याच्यासोबत जातात. इथपर्यंत ठीक. आता अवघड भाग येतो: गाडीला पकड परत मिळत असताना दिलेलं उलट स्टिअरिंग वेळेत सरळ करणं. त्यासाठी गाडीचं नाक कुठे वळतंय हे डोळ्यांना दिसावं लागतं. स्क्रीन १०० मिलिसेकंद मागे असेल तर नाक अजून बाहेरच दिसत असतं, तुम्ही उलट स्टिअरिंग धरून ठेवता, आणि तोवर खरी गाडी सरळ होऊन दुसऱ्या बाजूला फेकली गेलेली असते. मग डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि शेवट भिंतीवर. नवशिक्याला वाटतं आपले हात मंद आहेत. पुष्कळदा हातांनी काम चोख केलेलं असतं, डोळ्यांना खबर उशिरा मिळालेली असते. म्हणूनच मी लॅगला आकारापेक्षा वरचं स्थान देतो.

खोक्यावरचे आकडे

इथे दोन वेगळ्या गोष्टींची सर्रास गल्लत होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला '१ मिलिसेकंद' हा आकडा रिस्पॉन्स टाइमचा असतो, म्हणजे पिक्सेलला एका छटेतून दुसरीत जायला लागणारा वेळ. तो जास्त असला तर हलणाऱ्या गोष्टींमागे पुसट शेपूट दिसतं. स्क्रीनचा इनपुट लॅग, म्हणजे एकूण लॅगमधला तिचा वाटा, हा सिग्नल आत आल्यापासून चित्र दिसेपर्यंतचा वेळ, आणि तो खोक्यावर सहसा छापलेलाच नसतो. स्वतंत्रपणे मोजमाप करणाऱ्यांची परीक्षणं त्यासाठीच वाचायची.

तिसरी गोष्ट रिफ्रेश रेट. ६० हर्ट्झची स्क्रीन दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवते, १२० हर्ट्झची ८.३, १४४ हर्ट्झची ६.९ आणि २४० हर्ट्झची ४.२ मिलिसेकंदांनी. हे आकडे नीट बघा. ६० वरून १२० वर जाताना प्रत्येक चित्रामागे ८ मिलिसेकंदांहून जास्त वाचतात, १२० वरून २४० वर जाताना जेमतेम ४. शिवाय ग्राफिक्स कार्डाने तेवढी चित्रं दिली तरच त्याचा उपयोग. सिम रेसिंगसाठी १४४ ते १६५ हर्ट्झ भरपूर झाले. त्यापुढचे पैसे ग्राफिक्स कार्डात किंवा चांगल्या ब्रेक पेडलमध्ये घालावेत असं मी सुचवेन.

पायरी पहिली: टेप घ्या आणि अंतर मोजा

नेहमी बसता तसे सीटवर बसा, हात स्टिअरिंगवर ठेवा आणि कुणाला तरी तुमच्या डोळ्यांपासून स्क्रीनपर्यंतचं अंतर मोजायला सांगा. टेबलाच्या पुढच्या कडेला व्हील, त्याच्या मागे व्हीलचा बेस (मोटरचा डबा), आणि त्याच्याही मागे भिंतीला टेकवलेला मॉनिटर, अशी मांडणी असेल तर हे अंतर बहुधा ८० ते ९० सेंटिमीटर भरतं.

आता हिशेब बघा. २७ इंची मॉनिटर साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो. तो ८५ सेंटिमीटरवर असेल तर तुमच्या नजरेचा ३९ अंशांचा भाग व्यापतो. तोच ६० सेंटिमीटरवर आणला तर ५३ अंश. ८५ सेंटिमीटरवरच राहून ३२ इंची घेतला तर ४५ अंश मिळतात, आणि ३४ इंची अल्ट्रावाइड घेतला तर ५०. म्हणजे आहे तोच मॉनिटर २५ सेंटिमीटर पुढे ओढल्याने जे मिळतं, ते नवा अल्ट्रावाइड घेऊन लांब ठेवल्याने मिळत नाही. खरेदीआधी टेप हातात घ्या असं मी म्हणतो ते एवढ्यासाठीच.

पुढे आणायचा कसा? मॉनिटरचा मूळ स्टँड काढून तो व्हीलच्या बेसच्या अगदी वर किंवा लगेच मागे येईल असा बसवायचा. त्यासाठी मॉनिटर आर्म किंवा वेगळा जमिनीवरचा स्टँड लागतो. मॉनिटरच्या पाठीवर व्हेसा माउंटची, म्हणजे आर्म जोडायची चार भोकं आहेत का ते आधी बघा, स्वस्तातल्या काही मॉनिटरना ती नसतात. टेबलाला आर्म लावणार असाल तर एक काळजी घ्या: डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट जोडलेलं) व्हील कर्बवरून (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांवरून) जाताना टेबल हादरवतं, आणि तो हादरा आर्ममधून मॉनिटरपर्यंत पोचतो. चित्र सतत थरथरलं की डोळे लवकर दमतात. अशा वेळी जमिनीवरचा वेगळा स्टँडच हवा.

उंचीही याच वेळी ठरवा. स्क्रीनचा मध्य साधारण डोळ्यांच्या रेषेत यावा. बेसमुळे स्क्रीनचा खालचा भाग थोडा झाकला गेला तरी हरकत नाही, तिथे बहुतेक वेळा गाडीचा डॅशबोर्डच असतो.

पायरी दुसरी: एफओव्ही लावा

अंतर ठरलं की तेच गेमला सांगायचं. स्क्रीन ही गाडीची काच आहे असं धरलं, तर त्या काचेतून तेवढ्या अंतरावरून खरोखर जेवढं दिसेल तेवढंच गेमने दाखवावं. तसं केलं की वळण किती वळतंय, पुढची गाडी किती लांब आहे हे डोळ्यांना खऱ्या मापात दिसतं.

इथे एका गोष्टीत हमखास गोंधळ होतो. असेटो कोर्सा उभा कोन मागतो, आयरेसिंग हा गेम आडवा. २७ इंची स्क्रीन ६० सेंटिमीटरवर असेल तर आडवा कोन ५३ अंश आणि उभा ३१. एकाचा आकडा दुसऱ्यात घातला की चित्र विचित्र दिसतं आणि माणूस एफओव्हीच्या नादालाच लागत नाही. आयरेसिंगच्या सेटिंगमध्ये स्क्रीनची रुंदी आणि अंतर भरलं की तो स्वतःच कोन काढून देतो. बाकी गेमसाठी इंटरनेटवर एफओव्ही कॅल्क्युलेटर मिळतात. हाताने काढायचा तर स्क्रीनच्या निम्म्या रुंदीला अंतराने भागा, त्याचा आर्क टॅन (कॅल्क्युलेटरवरचं tan⁻¹) घ्या आणि दुप्पट करा. रुंदीऐवजी उंची घेतली की उभा कोन.

पहिल्यांदा हा कोन लावल्यावर गाडी हळू चालल्यासारखी वाटेल, बाजूचे आरसे गायब होतील, आणि नळीतून बघतोय असं वाटेल. याला घाबरू नका. रुंद कोनात कडेची झाडं सर्रकन मागे पळतात, म्हणून वेग जास्त भासतो, पण एपेक्स, म्हणजे वळणाचा सगळ्यात आतला बिंदू, लांब आणि बारीक दिसतो आणि स्टिअरिंग किती वळवायचं याचा अंदाज चुकतो. दोन-तीन संध्याकाळी त्याच कोनात चालवा. तरीही शेजारची गाडी अजिबात दिसत नाही म्हणून धडकी भरत असेल तर पाच-सात अंश वाढवा, आणि शेजारची गाडी दाखवणारा रडार किंवा स्पॉटरचा (ती गाडी बोलून सांगणाऱ्याचा) आवाज चालू करा. एकाच स्क्रीनवर ही तडजोड करावीच लागते. एकदा आकडा ठरला की मात्र तो रोज बदलू नका. दर बदलानंतर डोळ्यांना अंतराचा अंदाज नव्याने बांधावा लागतो.

कन्सोलवर खेळणाऱ्यांना इतकी मोकळीक अनेक गेममध्ये मिळत नाही. तिथे कॉकपिटऐवजी बॉनेटवरचा कॅमेरा घेऊन बघा. स्क्रीनवरचं स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड निघून गेल्याने तेवढी जागा रस्त्याला मिळते.

पायरी तिसरी: आहे त्या स्क्रीनचा लॅग उतरवा

टीव्हीवर खेळत असाल तर सगळ्यात आधी गेम मोड. टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी त्यावर बरीच प्रक्रिया करतो: हालचाल गुळगुळीत करणं, कडा उठावदार करणं, दाणे काढणं. सिनेमा बघताना ते ठीक, पण त्यात अनेक टीव्हींवर १०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. गेम मोड लावला की हे सगळं बंद होतं आणि आजकालच्या चांगल्या टीव्हीवर लॅग ६० हर्ट्झला १० ते १५ मिलिसेकंदांपर्यंत उतरतो. हा मोड बऱ्याचदा प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळा लावावा लागतो, तेव्हा ज्या पोर्टात केबल आहे त्याच पोर्टवर तो लागलाय ना ते बघा. एएलएलएम असलेला टीव्ही कन्सोल सुरू होताच आपणहून गेम मोडमध्ये जातो. केबल साउंडबारमधून किंवा ॲम्प्लिफायरमधून फिरवून आणली असेल तर ती काढून थेट टीव्हीत लावा. आणि गेम दुसऱ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून वायफायने टीव्हीवर आणत असाल, तर निवांत फेरफटक्याला चालेल, रेसला नाही.

कॉम्प्युटरवर पहिलं काम म्हणजे विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघणं. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विकत घेऊन तो महिनोन् महिने ६० वर चालवणारे लोक कमी नाहीत, कारण विंडोज प्रत्येक वेळी तो आपणहून वाढवत नाही. तिथे १४४ चा पर्यायच दिसत नसेल तर केबल किंवा पोर्ट जुना आहे. शक्यतो डिस्प्लेपोर्ट वापरा. एचडीएमआय वापरायचंच तर लक्षात ठेवा: फोर के १२० हर्ट्झला एचडीएमआय २.१ लागतं, २.० फोर के ६० वर थांबतं. टीव्हीच्या सगळ्या पोर्टांना १२० हर्ट्झ झेपतं असंही नाही, पोर्टाशेजारी छापलेलं वाचा.

दुसरं, व्ही-सिंक. चित्र मधोमध फाटू नये म्हणून ते तयार झालेलं चित्र स्क्रीनच्या पुढच्या ठोक्यापर्यंत अडवून ठेवतं. ६० हर्ट्झवर त्यात एक ते दोन फ्रेम (चित्रं), कधी त्याहून जास्त वेळ जातो, म्हणजे १६ ते ३३ मिलिसेकंद किंवा अधिक. मॉनिटरला फ्रीसिंक किंवा जी-सिंक, म्हणजे कार्डाच्या वेगाप्रमाणे स्क्रीनचा ठोका बदलण्याची सोय असेल तर गेममधलं व्ही-सिंक बंद करा, फ्रीसिंक चालू करा आणि फ्रेम रेटला रिफ्रेश रेटच्या थोडं खाली कुंपण घाला. १४४ हर्ट्झला १४० फ्रेम ठीक. हे कुंपण गेममध्येच मिळालं तर उत्तम, नाहीतर ग्राफिक्स ड्रायव्हरमधून किंवा रिवाट्यूनर नावाच्या प्रोग्रॅममधून घालता येतं.

कुंपणाचा आणखी एक फायदा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. ग्राफिक्स कार्ड शंभर टक्के कामात बुडालेलं असलं की त्याच्यापुढे चित्रांची रांग लागते, आणि तुमचं स्टिअरिंग त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं. कार्डाला थोडा श्वास घ्यायला जागा ठेवली की रांगच लागत नाही. म्हणून डोलणाऱ्या ९० फ्रेमपेक्षा ठाम ७५ बऱ्या. कार्डावरचा भार उतरवायला सावल्या, आरशांतलं चित्र, पावसाचे शिंतोडे आणि एका वेळी दिसणाऱ्या गाड्यांची संख्या आधी कमी करा. आरशांचा भार विशेष असतो, कारण तिथे जग मागच्या बाजूने पुन्हा एकदा काढावं लागतं. डीएलएसएस किंवा एफएसआरने कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणं चालेल. मात्र मधल्या फ्रेम बनवून घालणारं फ्रेम जनरेशन रेसिंगसाठी बंदच ठेवा. त्याने फ्रेमचा आकडा फुगतो, पण दोन खऱ्या चित्रांमधलं चित्र बनवायला दुसऱ्या खऱ्या चित्राची वाट बघावी लागते, म्हणून लॅग वाढतो.

पायरी चौथी: फोनने लॅग मोजा

अंदाजावर विसंबायची गरज नाही. बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन असतं, तेवढं पुरे. स्टिअरिंगच्या वरच्या टोकाला पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवा. गेममध्ये गाडी पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) उभी ठेवा आणि आतला कॅमेरा घ्या, म्हणजे स्क्रीनवरचं स्टिअरिंग दिसेल. खोलीतले दिवे लावा, फोन खांद्यामागे अशा जागी टेकवा की टेपचा तुकडा आणि स्क्रीनवरचं स्टिअरिंग एकाच चौकटीत येईल. रेकॉर्डिंग सुरू करून स्टिअरिंगला एक झटका द्या, थांबा, पुन्हा झटका द्या. असे सात-आठ झटके घ्या.

मग व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेऊन व्हीएलसीत उघडा. तिथे 'ई' हे बटण दाबलं की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं. टेप हलली ती फ्रेम पकडा, तिथून स्क्रीनवरचं स्टिअरिंग हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा आणि ४.२ ने गुणा. बारा फ्रेम भरल्या तर ५० मिलिसेकंद. फोन कधी कधी स्लो मोशन साठवताना मधलाच भाग हळू ठेवतो, तेव्हा झटके त्या भागात आहेत याची खात्री करा. झटक्यांची सरासरी घ्या, एकाच मोजणीवर जाऊ नका. काही गेम स्क्रीनवरचं स्टिअरिंग मुद्दाम गुळगुळीत फिरवतात, तिथे आकडा थोडा फुगलेला येतो. त्यामुळे दोन वेगवेगळ्या गेमच्या आकड्यांची तुलना करू नका. एकाच गेममध्ये सेटिंग बदलण्याआधी आणि नंतर मोजा.

कॉम्प्युटरवर एकूण लॅग ५० च्या खाली आला तर तुम्ही सुखात आहात. ५० ते ८० मध्ये चांगली शर्यत होते. शंभराच्या वर गेला तर कुठेतरी गेम मोड बंद आहे किंवा व्ही-सिंक चालू आहे असं समजून पुन्हा तिसऱ्या पायरीवर या. कन्सोलवर ६० फ्रेमच्या गेममध्ये आकडा कॉम्प्युटरपेक्षा जास्तच येणार, तिथे तुमच्या हातात टीव्हीचा वाटा तेवढा असतो.

पायरी पाचवी: आता खरेदी

इथवर येऊनही स्क्रीन अपुरी वाटत असेल तर निवड बरीच सोपी झालेली असते.

कन्सोलवाल्यांसाठी उत्तर छोटं आहे. पीएस ५ ला १६:९ आकाराची एकच स्क्रीन चालते, अल्ट्रावाइडवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. तेव्हा १२० हर्ट्झचा, एचडीएमआय २.१ आणि व्हीआरआर (फ्रीसिंकसारखी सोय) असलेला टीव्ही किंवा मॉनिटर घ्या आणि जितका जवळ आणता येईल तितका आणा. ५५ इंची टीव्ही एक मीटरवर ६३ अंश देतो, ४३ इंची ८० सेंटिमीटरवर जवळपास तेवढेच. म्हणजे लहान खोलीत ४३ इंचीच कामाचा.

कॉम्प्युटरवर पहिली स्क्रीन म्हणून २७ किंवा ३२ इंची, १४४० पी (२५६०×१४४०) रिझोल्यूशनचा, १४४ ते १६५ हर्ट्झचा मॉनिटर ही माझी ठाम शिफारस. जवळ बसल्यावर १०८० पी च्या ३२ इंचीत पिक्सेल डोळ्यांना खुपतात आणि लांबचा ब्रेकिंगचा फलक धूसर होतो. पुढेमागे तीन मॉनिटर करायची इच्छा असेल तर सपाटच घ्या, आणि मॉडेल असं निवडा की वर्षभरानंतरही तेच मिळेल. बाजूचे मॉनिटर वेगळ्या जातीचे असले तर रंग जुळत नाहीत, आणि लॅगही जुळत नाही.

३४ इंची अल्ट्रावाइड उंचीला २७ इंचीएवढाच असतो, फक्त बाजूंना ऐसपैस. ६० सेंटिमीटरवर ६७ अंश मिळतात, कार्डावर भार बेताचा पडतो, आणि अभ्यासाला किंवा ऑफिसच्या कामालाही तोच वापरता येतो. एकाच टेबलावर सगळं उरकायचं असेल तर हा मधला मार्ग चांगला. ४९ इंची सुपर अल्ट्रावाइड म्हणजे दोन २७ इंची शेजारी शेजारी. ६० सेंटिमीटरवर सपाट धरला तर ९० अंश, आणि १००० आर, म्हणजे एक मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असेल तर १०५ च्या आसपास. मध्ये चौकट नाही ही त्याची मोठी सोय. त्याची मर्यादा अशी की बहुतेक गेम एवढं रुंद चित्र एकाच सपाट पडद्यासाठी काढतात, त्यामुळे कडेच्या गाड्या ताणलेल्या दिसतात.

तीन मॉनिटरची गोष्ट वेगळीच आहे. २७ इंची तीन, ६० सेंटिमीटरवर, नीट कोनात बसवले तर १५९ अंश दिसतात. मान वळवून बाजूच्या काचेतून शेजारची गाडी बघता येते, हेअरपिनचा (यू आकाराच्या वळणाचा) एपेक्स वळायच्या आधी दिसतो. दोन गाड्या जोडीने वळणात शिरतात तेव्हा जागा किती सोडायची हे तुम्ही बघून ठरवता, रडारवर भरवसा ठेवावा लागत नाही. ज्याला ऑनलाइन शर्यती मनापासून खेळायच्या आहेत त्याने शेवटी इथेच यावं असं मला वाटतं.

पण तयारी हवी. बाजूचे मॉनिटर मधल्यापासून किती वळवायचे, तर एका मॉनिटरचा जेवढा कोन तेवढे, म्हणजे वरच्या उदाहरणात सुमारे ५३ अंश. बहुतेक लोक ३० वर थांबतात, मग कडेचं चित्र डोळ्यांपासून लांब जातं. ५३ अंशांवर सगळी मांडणी साधारण १३० ते १४० सेंटिमीटर रुंद होते आणि बाजूचे मॉनिटर जवळजवळ अर्धा मीटर पुढे येतात, म्हणजे सीटवर चढायला-उतरायला जागा लागते. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधल्या बेडरूममध्ये हे बसतं, पण कपाटाचं दार उघडतंय ना ते आधी जमिनीवर खडूने आखून बघा. गेमनेही तीन वेगळी दृश्यं काढायला हवीत. आयरेसिंग, असेटो कोर्सा आणि आरफॅक्टर २ हे नीट करतात. तुमचा आवडता गेम करतो की नाही ते पैसे देण्याआधी तपासा. आणि कार्ड: १४४० पी चे तीन मॉनिटर म्हणजे १.१ कोटी पिक्सेल, फोर के म्हणजे ८३ लाख, ४९ इंची ५१२०×१४४० म्हणजे ७४ लाख, ३४ इंची अल्ट्रावाइड सुमारे ५० लाख, एकटा १४४० पी ३७ लाख. कार्ड मध्यम असेल तर १०८० पी चे तीन २४ इंची, ६२ लाख पिक्सेल, अगदी जवळ बसून छान चालतात. तीन मोठे घेऊन ४५ फ्रेमवर धडपडण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

व्हीआर हेडसेटमध्ये एफओव्हीचा प्रश्नच मिटतो, दृश्याची खोली खरी वाटते आणि मान वळेल तिकडे दिसतं. जागा लागत नाही, हा लहान घरांसाठी मोठा फायदा. पण ९० हर्ट्झला प्रत्येक चित्र ११ मिलिसेकंदांच्या आत तयार व्हावंच लागतं, तेही दोन डोळ्यांसाठी. फ्रेम चुकल्या की पोटात ढवळतं. क्वेस्टसारखे हेडसेट कॉम्प्युटरकडून चित्र दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून घेतात, त्यात थोडा लॅग वाढतो. मे महिन्यात मुंबईत किंवा कोकणात पंख्याशिवाय अर्ध्या तासात भिंगांवर वाफ धरते, हेही लक्षात ठेवा. सुरुवातीला दहा मिनिटं पुरे. मळमळ जाणवली की त्या क्षणी काढून ठेवा, नेट लावून पुढे खेळू नका.

पॅनलबद्दल, म्हणजे आयपीएस, व्हीए आणि ओएलईडी या स्क्रीनच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. आयपीएस बिनधास्त घ्या. व्हीए पॅनलचा काळा रंग गडद असतो, पण स्वस्त व्हीएमध्ये काळ्यातून करड्यात जाताना पिक्सेल रेंगाळतात, आणि ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीतली रात्र चालवताना रस्त्याच्या कडा चिखलासारख्या पसरतात. ओएलईडीला या बाबतीत तोड नाही, पिक्सेल क्षणात बदलतो. फक्त कोपऱ्यातले लॅप टाइम आणि टायरची चित्रं तासन् तास एकाच जागी राहिली तर त्यांचा डाग बसू शकतो, म्हणून ती मंद ठेवा किंवा अधूनमधून लपवा. कोणत्याही पॅनलवर ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल लवकर बदलायला लावणारं सेटिंग) सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवू नका, गाड्यांमागे उजळ झिलई दिसू लागते. मधली पायरी बहुतेक मॉनिटरवर योग्य असते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत प्रत्यक्ष घेणार असाल तर दुकानात मॉनिटर लावून दाखवायला सांगा. पूर्ण काळं, पूर्ण पांढरं आणि करडं चित्र फोनमधून किंवा पेनड्राइव्हवरून दाखवून मेलेले पिक्सेल आणि कोपऱ्यांतून गळणारा उजेड बघा. बदलून देण्याची मुदत किती आणि किती मेलेले पिक्सेल असले तर बदलून मिळतो, हे बिलावर लिहून घ्या. सोबत मिळणारी केबल पूर्ण रिफ्रेश रेट पेलते का तेही तिथेच विचारा.

घरी आणल्यावर क्रम तोच ठेवा: जागेवर बसवणं, टेपने अंतर, एफओव्ही, विंडोजमध्ये रिफ्रेश रेट, व्ही-सिंक, फ्रेमचं कुंपण, मग फोनने मोजणी. त्यानंतर एकच गाडी आणि ओळखीचं एकच सर्किट घेऊन आठवडाभर चालवा. घसरलेली गाडी सावरताना उलटसुलट झोके कमी झाले का, एवढंच बघा. लॅप टाइम सुधारायला थोडे दिवस जास्त लागतात.